मातीच्या बॅटरीचा काही महिन्यांचा अनुभव: जिवाणू ठणठणीत, दुखणं कॅथोडचं

"जिवाणू मेले असतील, माती आणि खाद्याचं नवीन पाकीट मागवा." मातीतल्या जिवाणूंपासून वीज बनवणाऱ्या माझ्या किटचा एलईडी बंद पडला म्हणून तक्रार केली, तर कंपनीच्या सर्व्हिसकडून एवढंच उत्तर आलं आणि डोकं फिरलं. माझ्या डब्यातले जिवाणू मेलेले नव्हते, हे मी मोजून दाखवू शकतो.

किट कसं असतं ते माहीत असेलच: चिखलात पुरलेली कार्बन फेल्टची (कार्बनच्या तंतूंच्या जाड कापडाची) एक चकती, म्हणजे ॲनोड, वर हवेला उघडी दुसरी, म्हणजे कॅथोड, आणि एलईडीचं छोटं सर्किट. सुरुवातीला बरेच दिवस काहीच घडत नाही, ते साहजिक आहे. जिओबॅक्टरसारख्या, चकतीला इलेक्ट्रॉन देणाऱ्या जिवाणूंना खालच्या चकतीवर थर धरायला वेळ लागतो. पुढे एलईडी छान लुकलुकत होता. मग मंदावला आणि बंद पडला.

मल्टिमीटर लावला. सर्किट काढून मोजलं तर ०.७ व्होल्टच्या आसपास, म्हणजे चांगलंच. सर्किट जोडलं की आकडा धाडकन खाली. वरची चकती बोटाने दाबून पाहिली: कोरडी ठणठणीत, कडेने चिखलापासून सुटलेली. तिच्या कडेकडेने थोडं पाणी सोडलं आणि अर्ध्या तासात एलईडी पुन्हा सुरू! मेलेला थर अर्ध्या तासात परत येत नाही, त्याला दिवस लागतात. खालचं काही मी हलवलंही नव्हतं. म्हणजे दोष कॅथोडचाच.

माहितीपत्रक सांगतं, "माती कायम भरपूर ओली ठेवा." तसं केलं की चकतीवर पाणी साचतं आणि वीज पुन्हा पडते, कारण कॅथोडला ऑक्सिजन लागतो आणि तो पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. कोरडं झालं तरी बंद, बुडलं तरी बंद. आडव्या चकतीला हे दुखणं राहणारच, आणि पत्रकात त्याबद्दल एक ओळ नाही.

इथवर मी दोनच तारे देणार होतो. मग अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाचं २०२४ मधलं काम वाचलं. त्यांनी ॲनोड आडवाच ठेवला, पण कॅथोड त्याच्या काटकोनात उभा केला: खालचं टोक खोल ओलीत, वरचं हवेच्या बाजूला. नवीन सुटे भाग घेण्याऐवजी मी जुनीच चकती कापून पट्टी केली आणि उभी खोचली. तेव्हापासून पाण्याकडे रोज बघावं लागत नाही. आता साडेतीन तारे.

वीज मायक्रोवॅटमध्ये मिळते, मोबाईल चार्ज करायच्या आशेने घेऊ नका. ॲनोड-कॅथोडच्या एका जोडीचा व्होल्टेज एलईडीला पुरत नाही, म्हणून सर्किट तो वाढवून कपॅसिटरमध्ये साठवतं आणि एकेक लुकलुक सोडतं. एकाच डब्यात दोन जोड्या सिरीजमध्ये लावूनही व्होल्टेज दुप्पट होत नाही, चिखलच त्यांना आतून जोडून टाकतो. पण जमिनीतल्या ओलीचं मोजमाप करणाऱ्या सेन्सरला एवढी वीज पुरू शकते, आणि मला यात खरा जीव दिसतो तो तिथेच.

आणि ते पाकीट घेऊ नका. जिओबॅक्टर १९८७ मध्ये पोटोमॅक नदीच्या साध्या गाळातच सापडला होता. तळ्याच्या तळचा काळा गाळ आणा, फुकट आहे. कंपनीने पाकिटाऐवजी उभा कॅथोड सुटा विकावा, तो मी लगेच घेईन.