चहामळ्यासाठी हिमदवाचा इशारा देणारा सेन्सर-संच: घ्यावा, पण नीट लावला तरच

उटी-कुन्नूरच्या मळ्यांत डिसेंबर ते फेब्रुवारीत निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हिमदव पडतो. जड गार हवा उतारावरून घरंगळत खोलगटात साचते. हवामान केंद्राचा आकडा असतो जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवरच्या झाकलेल्या पेटीतला. तिथे ३ अंश असतानाही उघड्यावरची कोवळी पाने शून्याखाली गेलेली असू शकतात. म्हणून संचातला खुडणीच्या पातळीवर लावायचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, हाच खरा कामाचा. तो मळ्याच्या सर्वांत खोल कोपऱ्यात हवा. बंगल्याजवळ लावलात तर पैसे वाया.

इशाऱ्याची मर्यादा शून्यावर नको, २ अंशांवर ठेवा. पाने हिमदवापासून वाचवणाऱ्या तुषार सिंचनाचा पंप चालू करून पाणी सगळीकडे पोचायला वेळ लागतो, आणि एकदा सुरू केले की सकाळी बर्फ वितळेपर्यंत थांबता येत नाही. मध्येच वीज गेली तर बाष्पीभवनाने पाने आणखी गारठतात. डिझेल पंप जोडीला हवाच.

संध्याकाळचा दवांकही (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन जमू लागते ते) दाखवणारा संच निवडा. दवांक शून्याखाली असेल तर पारा झपाट्याने उतरतो, कारण दव जमताना मिळणारी ऊब उशिरा मिळते.

दरीत मोबाइलची रेंज नसेल तर लोरा गेटवेशिवाय (कमी विजेवर लांबवर रेडिओ संदेश पोचवणाऱ्या लोरा यंत्रणेचे ग्रहण-केंद्र) संच घेऊ नका. हंगामाआधी प्रोब वितळत्या बर्फात बुडवून शून्य तपासा.