पहिलीचं वाचन: आधी बाराखडी की अक्षरगट?

पहिलीचा वर्ग नव्याने हाती आला की हा प्रश्न पडतोच. अक्षरगट म्हणजे मोजकी अक्षरं शिकवून त्यांचेच शब्द लगेच वाचायला देणं. दोन्ही पद्धती मी घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना शिकवताना वापरल्या आहेत.

बाराखडी पालकांच्या ओळखीची, त्यामुळे घरीही सराव होतो. द्विशिक्षकी शाळेत एका वर्गाला म्हणायला लावून दुसऱ्याकडे वळता येतं. ही सोय लहान नाही.

माझं मन उडालं ते एका गोष्टीने. ‘मोर’ वाच म्हटलं की मूल म, मा, मि, मी करत ‘मो’पर्यंत येतं. मग ‘र’. तोवर ‘मो’ निसटलेला असतो. अख्खी बाराखडी घडाघडा म्हणणारं मूल साध्या शब्दापाशी अडतं. 34 व्यंजनं, प्रत्येकाची 12 रूपं, म्हणजे 408 अक्षरं. त्यांत ‘ङ’, ‘ञ’ अशीही, ज्यांचा शब्द पहिलीत भेटतच नाही. ओळख जिभेला होते, डोळ्याला होत नाही. आणि एकदा ही सवय लागली की दुसरीतसुद्धा सुटत नाही.

अक्षरगटात क, म, न, ल आणि काना एवढ्यावर नाक, कान, काम, लाल, मामा, काका, नाना वाचता येतात. तेच शब्द लगेच श्रुतलेखनाला घ्यायचे. वाचलं की काहीतरी कळतं, हे मुलाला सुरुवातीलाच उमगतं. ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्र सरकारी अभियानात तिसरीअखेर समजून वाचणं अपेक्षित आहे, त्याचा पाया इथेच पडतो असं मला वाटतं.

आपल्या खान्देशात आणखी एक मुद्दा. घरी ‘पानी’, ‘डोया’ ऐकणाऱ्या मुलाला तक्त्यावरचा ‘ण’ हा ‘न’च वाटतो आणि ‘ळ’ परका. गट आपण ठरवायचे असल्याने ही दोन अक्षरं मी उशिरा घेतो. आधी ‘डोया-डोळा’ अशा जोड्या भरपूर तोंडी होऊ देतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडे पावरी ही आदिवासी बोली बोलणारी मुलं असतील तर गट वेगळे बांधावे लागतील.

तयारी मात्र जास्त. शब्दपट्ट्या स्वतः कराव्या लागतात आणि कापूस वेचणीत गैरहजर राहिलेलं मूल मागे पडतं. पण ते मागे पडलंय हे निदान दिसतं. बाराखडीच्या सामूहिक आवाजात ते लपून राहतं.

पालक विचारतातच, म्हणून बाराखडी मी दिवाळीनंतर घेतो. तेव्हा ती लवकर पाठ होते, कारण बरीच रूपं मुलांनी शब्दांत आधीच वाचलेली असतात.