प्रमाणन चिन्हाच्या नोंदणीपूर्व तपासणीची सेवा : एक परीक्षण

आमची संस्था स्वतः माल बनवत नाही. इतरांचा माल ठरलेल्या निकषांवर तपासून प्रमाणपत्र देते. त्यासाठीचे चिन्ह नोंदणीच्या कसोटीला उतरेल का, याविषयी आम्ही एका ट्रेड मार्क सल्लागाराकडून लेखी अभिप्राय घेतला. अभिप्रायाचा गाभा भक्कम आहे. त्याला जोडलेली, चिन्हाच्या वापराची नियमावली मात्र निराश करते.

नेहमीच्या ट्रेड मार्कने एका व्यापाऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालापासून ओळखता यावा लागतो. प्रमाणन चिन्ह अनेक उत्पादक वापरत असल्यामुळे त्याला ही कसोटी लावता येत नाही. त्याने प्रमाणित आणि अप्रमाणित माल यांतील फरक दाखवावा लागतो. सल्लागाराने हे नेमके ओळखून १९९९ च्या भारतीय ट्रेड मार्क कायद्यातील कलम ६९ उलगडून दाखवले. त्या कलमाने वेगळेपणाची सर्वसाधारण अट बाजूला ठेवली असली, तरी निव्वळ गुणवर्णन करणाऱ्या शब्दांना असलेली मनाई कायमच आहे. त्यामुळे ‘शुद्ध आणि तपासलेले’ हे आमच्या मनातले शब्द जसेच्या तसे देऊ नका, वापरातून त्यांना ओळख मिळाली असेल तरच पुराव्यासह मांडा, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ग्राहकाला न रुचणारे मत इतक्या नेमकेपणाने देणे हेच या सेवेचे मोल आहे, असे मी मानतो.

प्रदेशाच्या नावाविषयीचा भागही उपयुक्त आहे. ब्रिटनच्या १९९४ च्या कायद्यानुसार भौगोलिक मूळ दर्शवणारे प्रमाणन चिन्ह नोंदवता येते. युरोपीय संघात १ ऑक्टोबर २०१७ पासून सुरू झालेल्या प्रमाणन चिन्हाला मात्र भौगोलिक मूळ प्रमाणित करता येत नाही. परदेशात अर्ज करू पाहणाऱ्याने हा फरक आधीच जाणून घ्यावा. ज्या प्रकारचा माल प्रमाणित करायचा, त्याच प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याच्या नावे प्रमाणन चिन्ह भारतात नोंदवता येत नाही, ही कलम ७० मधील अट मात्र शेवटच्या पानावर आहे. ती पहिल्याच भेटीत विचारायला हवी होती.

नियमावली कोणत्याही संस्थेला चालेल अशी साचेबंद आहे. कोणत्या परिस्थितीत माल प्रमाणित करायचा आणि चिन्ह वापरण्याची परवानगी कशी द्यायची, हे कायद्यानुसार त्यात असणे आवश्यक असते; इथे मात्र ‘योग्य तपासणीनंतर’ एवढेच लिहिले आहे. चिन्ह कोणता फरक दाखवते, हे चाचणीचे निकष लिहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून हा भाग आम्ही आमच्या तपासनिसांकडून नव्याने लिहून घेतला.