रिमवरचा तपकिरी थर शॅम्पूने निघत नसेल तर सोनॅक्सचा व्हील क्लीनर प्लस वापरून बघा

अलॉय व्हील शॅम्पूने कितीही घासा, स्पोकच्या कोपऱ्यात, नटांच्या भोवती आणि रिमच्या आतल्या बाजूला एक तपकिरी थर राहतोच, आणि बहुतेक जण तो मातीचा समजून अजून जोरात घासत बसतात. ती माती नाहीये, ब्रेक डस्ट आहे. ब्रेक मारला की पॅड झिजतात आणि थोडी डिस्कही झिजते, डिस्क बीडाची म्हणजे ओतीव लोखंडाची असते, तिचे बारीक तापलेले कण उडून रिमच्या लॅकरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात रुततात आणि मग पाणी लागलं की तिथेच गंजतात. म्हणून धुतलेल्या चाकावर बोट फिरवलं तरी खरखर लागते. पुढची चाकं मागच्यांपेक्षा लवकर काळी पडतात तेही याचमुळे, गाडी थांबवायचं जास्त काम पुढचे ब्रेक करतात.

हा क्लीनर आवडला कारण तो नेमका त्या लोखंडावरच काम करतो. स्प्रे केला की हिरवट-पिवळसर, जरा दाटसर असतो, त्यामुळे उभ्या रिमवरून लगेच ओघळून जात नाही. थोड्या वेळाने एकेका ठिपक्यापाशी लालसर जांभळा रंग फुटायला लागतो, आधी टाचणीच्या टोकाएवढा, मग त्याच्या बारीक धारा होऊन स्पोकवरून खाली येतात. जिथे चाक स्वच्छ आहे तिथे रंग बदलत नाही, म्हणजे घाण कुठे कुठे बसलीये ते समोर दिसतं. बाहेरून ठीकठाक वाटणाऱ्या चाकाच्या आतल्या बाजूला, कॅलिपरसमोर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) येतो तो भाग, तिथून तर असा काही जांभळा रंग निघतो की बघत राहावं!

वापरताना मात्र घाई नको. चाक पूर्ण थंड पाहिजे, गाडी सावलीत पाहिजे, आणि एका वेळी एकच चाक घ्या कारण हे वाळू द्यायचं नाही. पाचेक मिनिटं थांबायचं, बाटलीवर जो वेळ लिहिलाय तो पाळायचा, मग मऊ ब्रश फिरवायचा, आतून लांब दांड्याचा आणि नटांच्या खोबणीत छोटा, आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. तारेची घासणी किंवा भांड्याचा हिरवा स्क्रबर रिमला लावूच नका, त्याने लॅकरवर चरे पडतात आणि पुढची डस्ट त्याच चऱ्यांत जाऊन बसते. आणि चाकाचं फडकं, ब्रश बॉडीला लावायचा नाही, त्यात लोखंडाची कच असते.

वासाबद्दल आधीच सांगून ठेवतो. लोखंड विरघळवणाऱ्या क्लीनरमध्ये साधारणपणे थायोग्लायकोलेट असतं, केस कुरळे करायच्या लोशनमध्ये असतं त्याच घराण्यातलं, त्यात गंधक असतं म्हणून सडक्या अंड्यासारखा वास मारतो. हा त्या सगळ्या प्रकाराचाच वास आहे, एका ब्रँडचा नाही. मोकळ्या हवेत वापरा, हातमोजे घाला.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की यात अ‍ॅसिड नाही. अ‍ॅसिडचा क्लीनर मारला की चाक झटपट पांढरं होतं आणि लोक खूष होतात, पण लॅकर नसलेलं किंवा पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनियम त्याने डागाळतं, मंद पडतं, आणि ते परत यायला पुन्हा पॉलिशच करावं लागतं. कॉस्टिकवाल्या स्ट्राँग क्लीनरनेही तेच होतं. काही व्हील अ‍ॅसिडमध्ये हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड असतं, ते कातडीवर पडलं तर कधीकधी दुखायला उशिरा लागतं आणि तोवर ते आत खोलवर गेलेलं असतं. हाताने चाकं धुणाऱ्या माणसाचा विचार करून तरी असल्या बाटलीपासून लांब राहा. बाहेर धुवायला देत असाल तर चाकाला काय मारताय हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

आता याने काय निघत नाही ते. डांबराचे चकचकीत काळे ठिपके तसेच राहतात, त्याला टार रिमूव्हर लागतो. क्षाराच्या पाण्याचे पांढरे डाग यासाठी हे नाहीच. आणि लॅकरच्या खाली पांढऱ्या किड्यासारख्या रेघा पसरल्या असतील तर ते आतून गंजलंय, तिथे कुठलाच क्लीनर चालत नाही, रिम पुन्हा रंगवून घ्यावा लागेल.

फार जुनी डस्ट एका फेरीत पूर्ण जात नाही, दुसऱ्यांदा मारावं लागतं, आणि चार चाकांना आतून बाहेरून मारायचं तर बाटली भराभर संपते, ही एकच तक्रार. म्हणून दर वेळी हे वापरायची गरज नाही, एकदा नीट साफ झालं की वर व्हील सीलंट किंवा वॅक्स लावा, मग पुढे बरेच दिवस नुसत्या शॅम्पूने भागतं. धुऊन झाल्यावर गाडी थोडी हळू चालवून ब्रेक दोन-चारदा दाबा म्हणजे डिस्क वाळते, तिच्यावर आलेला नारिंगी गंजाचा पातळ थरही तेवढ्याने जातो.

पाचपैकी साडेचार देईन. फक्त स्टीलचे रिम असतील आणि त्यांचा रंग उडालेला असेल तर जांभळा रंग संपायची वाट बघू नका, तिथे उघडं लोखंडच आहे, ते परत परत रंग सोडत राहणार, त्याला आधी घासून प्रायमर आणि पेंट मारा.