मिरजेत योजनेतून केमो: 5 पैकी साडेतीन स्टार

आत्याला ब्रेस्ट कॅन्सर, कळला तेव्हाच स्टेज फोर, हाडात उतरलेला. मिरजेत एका हॉस्पिटलात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून केमो चालूय, सहा झाल्या. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाही, अजून तिथंच जायचंय आम्हाला.

चांगलं आधी सांगतो. केमोचं बिल शून्य. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) टेबलावर जायचं, ते पेशंटचा फोटो काढतात, कागद ऑनलाइन चढवतात, मंजुरी आली की ॲडमिट. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत (आधी दीडच होतं). टेबलावरची पोरगी आत्याला आज्जी न म्हणता मावशी म्हणते, तेवढ्यावर आत्या खूश, केस गेल्यापासून आरशात बघायचं सोडलंय तिनं.

आता राग. दुसऱ्या केमोला घरी जाताना गोळ्यांची चिठ्ठी हातात दिली आणि बाहेरून घ्या म्हणाले, 2,140 रुपये, मी आपले गुमान भरले. शेजारच्या बेडवर कवठेमहांकाळचे एक काका होते ते म्हणाले, अरे येड्या, डिस्चार्जनंतर 10 दिवसांची औषधं पॅकेजातच असतात, घरी जायचं एसटीचं भाडंपण असतंय. पावती घेऊन गेलो, आधी टोलवाटोलवी, योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला, फोन लावतो म्हटल्यावर पैसे परत मिळाले. दीड स्टार तिथंच कापला.

खरं सांगू का, बिल शून्य असलं तरी घर रिकामं होतंच. माझा दर खेपेला दोन दिवसांचा पगार जातो, वर नारळपाणी, रिक्षा, डबा. ह्याचं काय करायचं ते टेबलावर कुणी सांगत नाही, बाकड्यावर बसलेले पेशंटच सांगतात. एसटीत कॅन्सर पेशंटला 75 टक्के सवलत आहे, आत्या नुसतं बाई म्हणून अर्धं तिकीट काढत होती इतके दिवस! मुंबईला परळला एकदा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म रेल्वेच्या खिडकीवर दिला, महालक्ष्मी एक्सप्रेसला स्लीपरचं आत्याचं तिकीट फुकट आणि माझं पाव भाड्यात.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरवाले बसतात हेही काकांनीच सांगितलं, महिना 1,500. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत पाहिजे. आत्या विधवा, मूलबाळ नाही, रेशनकार्ड वेगळं, म्हणून जमलं, तरी उत्पन्नाच्या दाखल्याला चार हेलपाटे झालेच. अर्ज मंजूर झालाय, पैसे अजून यायचेत, आत्या रोज पासबुक काढून बसते.

जाणार असाल तर सगळ्याच्या झेरॉक्स घरूनच जास्तीच्या काढून न्या, गेटबाहेरचा झेरॉक्सवाला दीड ते तीन जेवायला जातो आणि मंजुरीचा फोन नेमका तेव्हाच येतो.