काळ्या पाटीची भाड्याची गाडी: सोय झकास, पण बंपरचे ११,८०० कशाचे?

सेल्फ-ड्राइव्ह गाड्यांवर लिहीन लिहीन म्हणत होतो आणि खरं तर कौतुकच लिहिणार होतो. तेवढ्यात ईमेल आला. 'फ्रंट बंपर रिपेंट ७,५००, व्हेइकल डाउनटाइम २,५००, जीएसटी १८ टक्के १,८००. एकूण ११,८००.' डिपॉझिटचे ५,००० त्यांनी आधीच वळते करून घेतले होते. उरलेले ६,८०० भरा, नाहीतर खातं बंद. त्यामुळे कौतुक आता खाली, जागा उरली तर.

कंपनीचं नाव लिहीत नाही. प्रकरण पूर्ण मिटलेलं नाही, आणि ही पद्धत काही एकाच कंपनीची नाही.

माझं गणित साधं आहे. कोथरूडला राहतो, सोसायटीत दुचाकी लावायलाच मारामारी. ऑफिस वनाझ-रामवाडी मेट्रोच्या रस्त्यावर. चारचाकी लागते ती दापोलीला मावशीकडे जायला, एखाद्या लग्नाला किंवा आईला दवाखान्यात न्यायला. एवढ्यासाठी हप्ता, विमा, सर्व्हिसिंग आणि पार्किंगचं भाडं कशाला भरत बसायचं? गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून लागेल तशी भाड्यानेच घेतोय. स्विफ्ट, बलेनो, एकदा नेक्सॉन. गाड्या स्वच्छ, टायर चांगले, एसी गार. फास्टॅग लावलेला असतो, टोल मागाहून कापतात आणि तो बरोब्बर कापतात. ताम्हिणी उतरून माणगाव, महाड, मग खेडवरून दापोली, असा रस्ता या गाड्यांनी अनेकदा केलाय. एकदाही बंद पडली नाही. मावशी मात्र दर वेळी काळी पाटी आणि पिवळे आकडे बघून विचारते, "काय रे, टॅक्सी करून आलास होय? डायवर कुठाय?"

ही काळी पाटी मी मुद्दाम बघून घेतो. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली परवाना असलेल्या, स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाड्यांना ती असते. परवाना मिळायला निदान ५० गाड्यांचा ताफा लागतो. अॅपवर पांढऱ्या पाटीच्या, कुणाच्या तरी घरच्या गाड्याही स्वस्तात मिळतात, पण खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याने देण्याचा वापर सहसा वगळलेला असतो. शंभर-दोनशे वाचवायला मी कुठेही जाईन, तिथे जात नाही.

आता मुद्द्यावर. मुद्दा म्हणजे अॅपमधला तो फोटोंचा पडदा.

गाडी ताब्यात घेताना अॅप आठ फोटो काढायला लावतं. पुढून, मागून, दोन बाजू, चार कोपरे. पडद्यावर गाडीची बाह्यरेषा येते, गाडी तिच्यात नीट बसली की हिरवी खूण. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हे फार आवडलं होतं. ओळखीच्या चार जणांना दाखवलं, म्हटलं बघा, वादाला जागाच नाही. पण ती चौकट आहे उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरची. बंपरची खालची कड, म्हणजे गतिरोधकाला आणि फुटपाथला घासणारी जी जागा, ती आठपैकी एकाही चौकटीत येत नाही. खाली वाकून फोटो घेतला तर बाह्यरेषा जुळत नाही, खूण हिरवी होत नाही आणि अॅप तो फोटो घेतच नाही. भाड्याच्या गाडीला सगळ्यात जास्त मार जिथे बसतो, नेमकी तीच जागा 'आधी'च्या फोटोत नाही. आणि गाडी परत घेताना त्यांचा माणूस उकिडवा बसून, टॉर्च लावून फोटो काढतो तो तिथलाच!

शिवाय ट्रिप बंद झाली की 'आधी'चे फोटो माझ्या अॅपमधून गायब. त्यांच्याकडे राहतात, माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे दोन्ही फोटो तो न्यायाधीश.

या वेळी गाडी घेतली रात्री, यार्डात, पिवळ्या दिव्याखाली. मी सवयीने स्वतःचा व्हिडिओही काढतो. काढत होतो तर गाडी द्यायला आलेला पोरगा म्हणाला, "साहेब, लोड नका घेऊ, छोट्या-मोठ्या स्क्रॅचचं आपण काही बघत नाही." व्हिडिओत त्याचं हे वाक्य आहे, पण बंपरची कड अंधारात काळीच दिसते.

कस्टमर केअरशी झालेलं बोलणं लिहून जागा घालवत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांना ते पाठ असेल. "सर, आमच्या टीमने इन्स्पेक्शन केलंय, चार्जेस रेट कार्डप्रमाणे व्हॅलिड आहेत." मग तिकीट क्लोज, त्याखाली 'आमच्या सेवेला किती तारे द्याल?' नवीन तिकीट काढलं की तेच वाक्य दुसऱ्या माणसाच्या तोंडून.

तेव्हा त्यांनीच पुरावा म्हणून पाठवलेला फोटो मोठा करून बघत बसलो. वीतभर ओरखडा, बंपरच्या खाली डाव्या बाजूला. आणि त्या खाचेत पांढरट, सुकलेलं काहीतरी भरलेलं. आधी मला ते प्लास्टिकच उघडं पडलंय असं वाटलं. फोटो घेऊन कर्वेनगरच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने चष्मा वर करून एकदा बघितलं आणि म्हणाला, "हे पॉलिश आहे. गाडी पॉलिश करताना खाचेत जातं आणि वाळून बसतं." म्हणजे ओरखडा आधीचा, पॉलिश नंतरचं. मी काही दापोलीत गाडीला पॉलिश करून आणलं नव्हतं. तिथे घासली असती तर जांभ्याला घासली असती, आणि जांभा आपली लाल खूण ठेवल्याशिवाय राहत नाही. त्या खाचेत तांबूस कणही नव्हता.

गॅरेजवाल्याला खर्चही विचारला. तेवढ्या कडेचा टचअप हजाराच्या आत. अख्खा बंपर उतरवून रंगवला तर साडेतीन हजार, "आणि त्यात माझे पण पैसे सुटतात." यांचे ७,५००.

आता कायद्याचं थोडं, कारण पुढचा मेल मी याच्या जोरावर लिहिला. रेट कार्ड मी मान्य केलं होतं, हे खरं. पण भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ असं सांगतं की करारात आधीच ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा. मिळायची ती वाजवी भरपाई, तीही या मर्यादेच्या आत. म्हणून मागणी एकच ठेवली: रंगकामाचं बिल दाखवा. गॅरेजचं नाव, तारीख, गाडीचा नंबर. डाउनटाइमचे २,५०० लावता, तर त्या दिवशी गाडी खरंच उभी होती का, तेही दाखवा. जीएसटीचाही प्रश्न घातला. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकात म्हटलंय की मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई म्हणून घेतलेले पैसे हा कुठल्या सेवेचा मोबदला नव्हे, म्हणून त्यावर कर लागत नाही. मग हे १८ टक्के मी कोणती सेवा घेतली म्हणून?

मेल कस्टमर केअरला न पाठवता तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात तक्रार निकाली काढायची. त्याचं नाव-पत्ता अॅपमध्ये कुठेही सापडत नाही, वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. फोटो आणि व्हिडिओ मेललाच मूळ फाइल म्हणून जोडले. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की त्याची वेळ आणि जागेची नोंद निघून जाते, मग तो कधीचा हे सांगत बसावं लागतं. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. फुकट आहे, मराठीत बोलतात.

शेजारच्या वकील काकांना विचारलं, कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात, करारात लवादाचं कलम (म्हणजे वाद कोर्टात न नेता खासगी लवादाकडे न्यायचा), मग काय? ते म्हणाले, "अरे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तू राहतोस तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी शून्य. आणि लवादाचं कलम ग्राहकाच्या आड येत नाही, एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंगमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१८ लाच सांगितलंय." वर एक बारकावा सांगितला. 'अन्यायकारक करार' एवढाच मुद्दा घेतलास तर तो राज्य आयोगाकडे जातो. जिल्ह्यात जायचं तर 'सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा' असं लिही. काकांनी फी म्हणून चहा घेतला.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'या लोकांच्या नादी लागू नका' असं लिहून एक तारा देणार होतो. मग फोन आला, तो कॉल सेंटरचा नाही, इथल्या यार्डाच्या सुपरवायझरचा. मराठी माणूस, वैतागलेला, पण सरळ. म्हणाला, "सर, तुम्ही बिल मागितलंय, पण बिल नाहीये. आम्ही एकेका ओरखड्याला बंपर रंगवत नाही. चार-पाच झाले की एकदम रंगवतो. मला परवडत नाही हो गाडी उभी ठेवणं, वीकेंडला गाड्या कमी पडतात."

मी विचारलं, म्हणजे गाडी उभी नव्हतीच? "नाही, दुसऱ्याच दिवशी गेली ना."

म्हणजे चार-पाच गिऱ्हाइकांकडून प्रत्येकी आख्ख्या बंपरचे पैसे, रंगवायचा एकदाच, आणि डाउनटाइम शून्य. हे ऐकून खरं तर मी भडकायला हवं होतं. पण त्या माणसाबद्दल माझं मत उलट चांगलंच झालं. रेट कार्ड त्याने केलेलं नाही. फोटोतलं नुकसान 'आधीचं की नवीन' हे ठरवणारी टीम त्याच्या यार्डात बसत नाही, ती दुसऱ्या शहरात फक्त फोटो बघते. त्यांच्यापुढे आठ चौकटींत ओरखडा नाही आणि नवव्या फोटोत आहे, म्हणजे नवीन. तिथे बसणाऱ्याने दुसरं ठरवावं तरी कशावरून? म्हणून तर म्हणतो, मूळ दुखणं त्या चौकटीचं आहे. बाह्यरेषा दोन फूट खाली आणा किंवा नववा मोकळा फोटो घेऊ द्या, निम्मी भांडणं मिटतील. हेही मी मेलमध्ये लिहिलं. उत्तर आलं, 'तुमच्या मौल्यवान सूचनेबद्दल धन्यवाद.'

पुढे त्यांनी आधी 'गुडविल म्हणून' रक्कम ३,००० वर आणली. म्हटलं, बिल नाही तर तीन हजार तरी कशाचे? मग म्हणे मागणी मागे घेतो, डिपॉझिट वॉलेटमध्ये जमा करतो, ९० दिवसांत वापरा. माझेच पाच हजार, त्यांना मुदत! हेही नाकारलं. बँकेतून गेले, बँकेतच हवेत. अखेर आले, पूर्ण ५,०००.

जाता जाता एक समजून घेण्यासारखं: देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहाराला सहसा ओटीपीसारखी आपली मंजुरी लागते, म्हणून आपण आधीच ऑटो-पेमेंटला परवानगी दिलेली नसेल तर कंपनी परस्पर जास्तीचे पैसे ओढू शकत नाही. तिच्या हातात असतं ते डिपॉझिट आणि खातं बंद करायची धमकी. म्हणून डिपॉझिट कमी असलेला प्लॅन दिवसाला दोन-अडीचशे महाग असला तरी मी आता तोच घेतो. हे लिहिताना हात जड झाला, पण घेतो. 'डॅमेज प्रोटेक्शन' नावाचं जे वर विकतात तो मात्र विमा नव्हे. आपल्याकडून जास्तीत जास्त किती घेणार, एवढीच ती कंपनीने घातलेली मर्यादा. अटींत टायर आणि गाडीचा खालचा भाग वगळलेला असतो. बंपरची खालची कड 'खालच्या भागा'त धरतात का, हे मी लेखी विचारलं. अजून उत्तर नाही.

तर तारे. गाड्यांना चार, यार्डातल्या माणसांना साडेचार, अॅपच्या फोटोंच्या पडद्याला शून्य. सरासरी तुम्ही काढा. सेवा मी सोडलेली नाही. दिवाळीत दापोलीला जायचंय आणि टॅक्सीवाल्याने सांगितलेला दर ऐकून मी फोन ठेवला. फक्त गाडी आता उजेडात घेतो. आठ फोटो त्यांच्या अॅपमध्ये, आणि कडेचे चार माझ्या फोनमधून, तेही गाडी सुरू करायच्या आधीच त्यांना मेल करून.

नेक्सॉन बुक करायला काल अॅप उघडलं तर वर लाल पट्टी: 'थकबाकी १,८०० रुपये. बुकिंगसाठी आधी भरा.' बंपरचे ७,५०० रद्द झाले, डाउनटाइमचे २,५०० रद्द झाले, त्यांच्यावरचा जीएसटी मात्र उभाच. कस्टमर केअर म्हणतं, तो सिस्टिम आपोआप लावते, त्यांना काढता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याला सकाळीच नवीन मेल टाकलाय.