'इन्स्पेक्टर' की 'घाशीराम'?

ऐरोलीच्या भाचीचा फोन आला. "मावशी, कॉलेजच्या गटाला अभिवाचनासाठी 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स' घेऊ की 'घाशीराम कोतवाल'?" दोन्हींत काळ जुना आणि प्रश्न आपला.

इंग्रज नाटककार प्रीस्टली यांनी 'इन्स्पेक्टर' १९४५च्या सुमारास लिहिताना गोष्ट १९१२मध्ये नेली. कारखानदार बर्लिंग जेवणाच्या टेबलावर ठासून सांगतो, टायटॅनिक बुडणं अशक्य, युद्ध होणार नाही. पुढचं आपल्याला ठाऊक असतं, म्हणून 'ज्याने त्याने आपलं पाहावं' हा त्याचा उपदेशही तिथेच ढासळतो. तेंडुलकरांच्या १९७२च्या 'घाशीराम'मध्ये नाना फडणवीसांचं पुणं आहे, पण रोख इतिहासावर नाही, सत्तेच्या रीतीवर आहे.

गरीब-श्रीमंत वर्गाचं म्हणाल तर बर्लिंगच्या कारखान्यातली कामगार ईव्हा स्मिथ आठवड्याला साडेबावीस शिलिंगांचे पंचवीस मागते आणि कामावरून जाते. मग बर्लिंगच्या घरातलं एकेक माणूस तिला थोडं थोडं मरणाकडे ढकलत राहतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंत्राटी कामगाराच्या मुलांना हा हिशेब समजावून द्यावा लागत नाही. घाशीराममध्ये नाना घाशीरामाला कोतवाल करून हवं ते करून घेतो, नंतर त्याला जमावाच्या हाती देतो. ते अंगावर येतं, पण 'यात माझा वाटा किती' हे 'इन्स्पेक्टर' थेट विचारतं.

मेहनतीत तर तुलनाच नाही. 'इन्स्पेक्टर'मध्ये सात पात्रं, एक खोली. 'घाशीराम'मध्ये गाणं, नाच, नटांनीच रांगेत उभं राहून केलेली माणसांची भिंत. नुसतं वाचलं तर अर्धं नाटक हरवतं.

पहिलंच अभिवाचन आणि नंतर चर्चा करायची असेल तर इन्स्पेक्टर घ्या. गाणारी पोरं आणि दोन महिने तालीम असेल, तर घाशीराम उभंच करा.